विचारून सांगते

दवाखान्याच्या बाकावर मायलेकी बोलत होत्या. शेजारी बसलेले एक शिंपीबुवा मुद्दाम ऐकत नव्हते, पण शब्द कानावर येतच होते.

"हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे तीन वर्षं शिकवतात तरी काय गं? चादरी घालायला?"

"तेही शिकवतात. आणि पाहुण्याला कधी 'नाही' म्हणायचं नाही, हे."

"अन् खोलीच शिल्लक नसली तर?"

"तरी हसून म्हणायचं, 'विचारून सांगते हं.'"

"म्हणजे नाहीच की. गोड करून."

"हो गं आई."

"बरं, काल डॉक्टरांनी तुला एकटीलाच आत बोलावलं. काय म्हणाले?"

"औषध बदलू म्हणाले."

"तुझ्या पदवीदानाला मी असेन ना गं? चपलासुद्धा नव्या घेऊन ठेवल्यात."

लेकीने आईची शाल नीट केली आणि शिकवल्याप्रमाणे हसली.

"विचारून सांगते हं."

"छान शिकलीस, बाळा," म्हणत आईने तिचा हात मांडीवर घेतला.