दादाच्या फाइलमध्ये चार ओळी

पाटीवरचं शुद्धलेखन चुकलंय, माहितीये मला वहिनी — तळमजल्यावरच्या काकांनी पेनाने दुरुस्त करून खाली सहीसुद्धा ठोकलीये — माझी शाळा अर्ध्यात सुटली, साधेच शब्द येतात, त्यातही चुका, माफ करा. पण लिफ्ट बंद आहे एवढं कळतंय ना त्यातून? बसा. ती खुर्ची नको, ती — असू दे, बसा, दादाचीच होती, काही होत नाही.

आई कशी आहे? विचारतोय काय मी, अकराव्या मजल्यावर आहे, गुडघ्यांमुळे उतरता येत नाही, आणखी कशी असणार. सांगतो, सांगतो. लिफ्ट चालवणारा जुना सर्किट बोर्ड जळला. नव्याची चिप वेगळी. प्रोग्राम तोच, दादाने लिहिलेला, पण तो चिपला समजावून देणारा कंपायलर वेगळा — कंपायलर म्हणजे दुभाषाच समजा. ‘अंक’ म्हटलं की एक दुभाषा छोटं भांडं काढतो, दुसरा मोठं. लिफ्ट किती वर आली ते चिप मोजत असते ना, छोट्या भांड्यात ते मावत नाही, उलटून एकदम उणे होतं. दादा म्हणायचा, आठवा मजला ओलांडला की लिफ्टला वाटतं आपण पाताळात पोचलो. किती हसायचा. तुम्हाला सांगितलंच असेल. नाही? मला वाटलं सांगितलं असेल.

म्हणून नेमक्या मापाची भांडी लागतात. नव्या कंपायलरकडे ती तयार असतात, जुन्याकडे नव्हतीच — मग दादाने स्वतः एक फाइल केली, त्यात मापं ठरवली, नावंही तीच दिली जी बाकी सगळीकडे चालतात. तिथंच अडलं. आता एका नावाची दोन भांडी, एक कंपायलरचं, एक दादाचं — कंपायलर म्हणतो, आधी हे मिटवा, मग मी पुढे जातो. कंपनीतले साहेब म्हणाले, फाइल पुसून टाक. पुसून कसं चालेल? बाकीच्या इमारतींत जुनेच बोर्ड आहेत, त्यांना दादाशिवाय कोण आहे? आणि पुसायची गरजच नाही, फाइलच्या सुरुवातीला अट घालायची — जुना कंपायलर असेल तर दादाची भांडी घे, नाहीतर तुझी तू घे. चार ओळींचं काम.

हो. चारच.

नाही, बोर्ड यायचा राहिलेला नाही. ते मी आईला सांगितलं होतं. बोर्ड केव्हाच आलाय, तो काय, टेबलावर.

असं बघू नका. मी रोज फाइल उघडतो. रडू वगैरे येत नाही, तसं काहीच होत नाही — फक्त हात कीबोर्डवर ठेवला की तिथंच राहतो. कुणी जेवायला हाक मारली की उठतो. तो गेल्यापासून त्या फाइलला कुणाचा हात लागलेला नाही, वहिनी. मी ओळी घातल्या की ती त्याच्या एकट्याची राहणार नाही, एवढंच.

जा तुम्ही. अकरा मजले चढायचेत अजून. आईला काही सांगू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार ओळी घातल्या, बोर्ड बसवला आणि आधी रिकामी लिफ्ट वर पाठवली. आठव्यानंतरही आकडा वाढत राहिला. मग आईला आणायला वर गेलो. आत पाऊल टाकताना ती म्हणाली, ‘दादानेच केलेली ना ही?’ मी हो म्हटलं आणि तळमजल्याचं बटण दाबलं.