फणीची चाळण

आम्ही मूळचे वडप्याच्या बाजूचे, शेतकरी, म्हणजे पावसात भात लावायचं आणि उरलेले महिने मिळेल ते करायचं असे शेतकरी. आता तिथे सगळी गोदामं झालीत, पण आमच्या वाट्याची जमीन आजोबांच्या वेळेलाच भावकीत गेली होती, तेव्हा गोदामाच्या पैशाशी आमचा संबंध आला नाही, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायला मला सवडही झाली नाही, कारण दहावी झालो तो थेट कामतघरला लूमवर लागलो. गणित चांगलं होतं माझं. मास्तर म्हणाले पुढे शिकव याला, आई म्हणाली शिकून काय करनार, हाताला काम पायजे. तर आधी सुताच्या कांड्या भरल्या, मग साचे, म्हणजे लूमच, चालवले, मग जॉबर झालो. जॉबर म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. त्या खडखडाटात इतकी वर्षं गेली की अजून मी मोठ्याने बोलतो, त्रास होत असेल तर सांगा ताई. पुढे शेठने कारखाना काढून टाकला, लूम भंगारात किलोवर गेले, आणि मी काल्हेरच्या एका गोदामात लागलो, ट्रकमधून किती खोकी उतरली ते मोजायला. मोजणं मला जमतं. पण उभं राहून पाय सुजतात, आणि लूमवरची कापसाची बारीक धूळ छातीत बसलीय ती बसलीय.

तुम्ही चाळणीचं विचारलंत. पण चाळणीचं सांगायचं तर आधी मंदाचं सांगायला पाहिजे. मंदा माझी बायको. कारखान्याच्या भिंतीत, गिलाव्याच्या फटीत, वडाचं रोप उगवलं होतं, शेठ म्हणाला उपट ते, भिंत फुटेल. मंदा तेव्हा डबा घेऊन आली होती. म्हणाली फेकू नका, मला द्या. घरी आणून फुटक्या बरणीच्या बुडात लावलं. चाळीतल्या बायका म्हणाल्या, मंदे, वड घरात वाढवतात का कुनी, उद्या छप्पर फाडून वर जाईल. तर ही म्हणते, जाऊ दे की, छप्पर मालकाचं हाय. अशी बोलायची ती, काय सांगू तुम्हाला, बोलण्यात कोणाला हार जायची नाही.

मग एका नर्सरीवाल्याला विचारून विचारून तिने बोन्साय शिकून घेतलं. तो वड आता आमच्या पोरीच्या वयाचा आहे आणि उंचीला दोन विती. पारंब्या फुटल्यात त्याला. आणखी बऱ्याच कुंड्या झाल्या होत्या, पण पहिला तो पहिला. या झाडांना साधी माती चालत नाही. वीटभट्टीवरच्या फुटक्या विटा आणायच्या, हातोडीने फोडायच्या, थोडा कोळसा, थोडं कुजकं शेणखत. आणि ते चाळायचं. मोठे खडे वर राहतात ते बाजूला, धूळ खाली पडते ती फेकायची, मधला ज्वारीएवढा माल तेवढा ठेवायचा. धूळ राहिली तर पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. आणि दर दोन वर्षांनी झाड उपसून सगळं नवं भरायचं. हे सगळं तीच करायची, मला फक्त म्हणायची, तिकडं सरका, धूळ उडंल, तुमची छाती आधीच भरलीय.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि तिला झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. एखादा शब्द येतो, तोही मोडका. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या, चांगल्या होत्या, पण मंदा भिंतीकडे तोंड करायची. हात उचला मावशी, बॉल दाबा मावशी, ही हलायची नाही. बाई म्हणाल्या, काका, यांना स्वतःलाच नको असेल तर मी काय करू. मी ड्युटीवर, रूपाली, म्हणजे आमची मुलगी, लग्न होऊन कल्याणला, ती रविवारी येणार. कुंड्यांकडे कोण बघणार? एक एक करत सगळ्या गेल्या. वड तेवढा राहिला, त्याचीही पानं पिवळी पडत चालली, वर पाणी साचून राहायचं.

एका रविवारी मंदाने डावा हात उचलला आणि हवेत मागे-पुढे, मागे-पुढे करायला लागली. रूपाली म्हणाली, बाबा, आईला पोळ्या खायच्यात, पीठ चाळायला सांगतेय. तिने पिठाची चाळणी आणून हातात दिली, तर मंदाने ती भिरकावली, ती जाऊन कपाटावर आदळली. मग तिने गॅलरीतल्या वडाकडे बोट केलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने काहीतरी मागितलं होतं. मला तेव्हाच वाटलं, हे झाड गेलं तर ही पण सोडून देणार, मग डॉक्टरने काहीही करू दे.

तिच्या जुन्या चाळण्या गॅलरीत गंजून तळ गेलेल्या. दुकानात गेलो तर एक रेतीची चाळण, तिच्यातून बोट जाईल, आणि एक मैद्याची, तिच्यातून काहीच जायचं नाही. मधलं काही नाही. दुकानदार म्हणाला, काका, घर बांधायचंय की करंज्या करायच्यात ते एकदा ठरवा. मी म्हटलं, बोन्साय. तो म्हणाला, ते आपल्याकडे नाही.

मग मी म्हटलं, आपण घरी करू. कारखाना उठला तेव्हाच्या फण्या माझ्याकडे माळ्यावर होत्या. फणी म्हणजे लूमवर असते ती, कंगव्यासारखी, उभ्या बारीक तारा, प्रत्येक फटीतून सूत जातं. मी जाड कापडाची फणी घेतली, दोन तारा काढायच्या, एक ठेवायची, फट बरोबर ज्वारीएवढी केली, लाकडी चौकटीत ठोकली. आमच्या खाली चाचा राहतात, त्याच कारखान्यातले, ते बघत बसले होते. म्हणाले, दत्तू, इतनी मेहनत में तो भाभी के लिए साड़ी बुन देता. पण चाळण चालली बघा झरझर, रेतीच्या चाळणीपेक्षा जलद. मी घमेलं भरून मंदासमोर नेलं. खरं सांगतो, छाती फुगली होती माझी.

तिने डाव्या हाताने मूठभर उचललं, ताटलीत पसरलं, बोटाने चाळवाचाळव केली आणि एक कपची बाजूला काढली. नखाएवढी लांब, चपटी. मग दुसरी. मग ताटलीभर तशाच. आणि मला कळलं. फणीला फट एकाच दिशेला असते, आडवं काहीच नाही. सूत सरळ जातं म्हणून तिथे चालतं. विटेची कपची उभी राहून सरळ खाली येते, आणि कुंडीत त्या कपच्या कौलांसारख्या एकावर एक बसतात, पाणी अडतं. जन्मभर फणीवर हात फिरवलेला माणूस मी, आणि हे सुचलं नाही. मी तसाच घमेलं धरून उभा, आणि मंदा हसायला लागली. अर्धंच तोंड हसत होतं, अर्धं तसंच, पण हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि म्हणाली, जॉ-बर. एवढंच.

चाचा म्हणाले, दो फन्नी लगा, एक आड़ी एक खड़ी. तेही करून बघितलं, मधे खडे अडकून बसले. मग जाळीच्या दुकानात गेलो, चौकोनी तारेची जाळी, फुटावर मिळते. कापडातले धागे मोजायचं भिंग माझ्याकडे होतं, ते जाळीवर ठेवून इंचाला किती भोकं ते मोजत बसलो, तर दुकानातला मला म्हणतो, अंकल, हिरा ले रहे हो क्या? तीन जाळ्या घेतल्या. चौकटीला गोदामातल्या, खोकी रचायच्या मोडक्या पॅलेटची लाकडं, सुपरवायझरला विचारून घेतली, न विचारता खिळासुद्धा आणला नाही मी.

चाळायला गच्चीवर. तोंडाला ओला पंचा बांधून. तरी खोकला यायचा, मधे मधे बसायचो. पापड वाळत घालणाऱ्या बायका म्हणायच्या, भाऊ, तुमच्या विटांचा मसाला आमच्या पापडांना नको. मग त्यांचं आवरलं की मी सुरू करायचो. ड्युटी करून आल्यावर अंगात काही उरत नाही ताई, पण बसलो की ती खालून काहीतरी आवाज करून बोलवायची, चाळलेलं दाखव म्हणून, मग परत चालू.

पाऊस लागायच्या आधी वड काढला. अर्धी मुळं काळी झालेली. ती बोट दाखवायची, मी कापायचो, मला वाटायचं जास्त होतंय, ती मान हलवायची, अजून काप. लावला, आणि आठवड्यात सगळी पानं गळाली. नुसत्या काड्या. रूपाली मला स्वयंपाकघरात घेऊन गेली, म्हणाली, बाबा, तसाच दुसरा आणून ठेवू या का, आईला कळणार नाही. मी म्हटलं, तिला कपचीतली कपची कळते, वड कळणार नाही?

आता श्रावण चाललाय. अजून पान नाही. पण साल नखाने खरवडली की आत हिरवं आहे. ती रोज खरवडायला सांगते, मी म्हणतो रोज नको, साल संपेल. जगेल की नाही मी सांगू शकत नाही, खोटं कशाला बोलू.

पण परवा तिने परत हात हवेत मागे-पुढे केला. मी म्हटलं, कुंडी भरली, आता कशाला? ती ऐकेना. तेव्हा तिची खुर्ची गॅलरीत आणली, चाळण तिच्या मांडीवर ठेवली, उजवा हात उचलून चौकटीवर ठेवला, वरून माझा हात, आणि दोघांनी हलवली. थोडा वेळ मीच हलवत होतो. मग जाणवलं, तिच्या बोटांनी चौकट धरलीय. अगदी हलकी, पण धरलीय. मी तसाच हलवत राहिलो, थांबलो असतो तर सोडली असती. असं रोज थोडं थोडं करतो, चाळलेल्या मातीचा डबा भरत आलाय. मी विचारलं, ही माती कुठल्या झाडाला? तिने वडाकडे बोट केलं. मी म्हटलं, अगं, त्याला आता दोन वर्षं हात लावायचा नाही ना? तिने मान हलवली, हो. मग डब्याकडे बोट केलं, झाकण लाव म्हणून, आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

म्हणजे दोन वर्षांनी माती ती स्वतः बदलणार आहे. मी थकलोय ताई, पण झाकण घट्ट लावलंय, ओल लागू नये म्हणून वरून प्लास्टिक बांधलंय. देवाने तिला तेवढं द्यावं. तुमच्याही घरी सगळे हातीपायी धड राहोत.