सुशांतच्या आधी गोल

खोपटच्या डेपोत उभं राहून योगिनीचे पाय भरून आले होते. तेवढ्यात शेजारच्या रांगेतल्या दोघींकडे तिचे कान लागले.

“हौसाबाई, तुम्ही आणि फुटबॉल?”

“अगं, सुशांत खडवलीला राहतो ना आता. मी इथे टीव्हीवर ऑनलाइन मॅच लावते, तो तिथे लॅपटॉपवर. फोन चालूच.”

“मज्जा आहे!”

“कसली! त्याचं नेट रखडतं. गोल मला आधी दिसतो.”

“मग सांगून टाकता?”

“छे! तोंडावर पदर धरते. तो ओरडला की मीपण ओरडते.”

“आणि आपल्यावरच गोल झाला तर?”

“लगेच म्हणते, ‘बाळा, पाणी पिऊन ये.’”

योगिनीची बस लागली, तरी ती हलली नाही.

“त्याला कळत नाही?”

“काल माझा नुसता सुस्कारा सुटला, तर तोच म्हणाला, ‘आई, पाणी पिऊन येऊ?’”