मंगळासाठी माळव्याचे दगड

अहमदाबादच्या बसची वाट पाहताना आनंदरावांनी पेपर समोर धरला आणि कान शेजारच्या मायलेकींकडे दिले. मधे लेकीची दगडांनी भरलेली पिशवी होती.

“पंचशीला, अहमदाबादला दगड मिळत नाहीत काय?”

“मंगळावरही असाच काळा दगड आहे, आई. तिथे जाता येत नाही, म्हणून आधी हाच कापून बघायचा.”

“तो फिर इथेच बघ ना. साऱ्या माळव्यात हाच तर आहे.”

“मशीन तिकडे आहे. चार-पाच साल लागतील.”

“मंगळावर जायला?”

“पीएचडीला.”

आईने पिशवी चाचपून पाहिली.

“आणि दगड संपले तर?”

“न्यायला परत इथेच यावं लागेल.”

आईने पिशवीत हात घातला आणि एकेक दगड बाकावर काढून ठेवू लागली.

“आई, काय करतेस?”

“थोडेच ने, बेटा.”

आनंदरावांनी सरकून दगडांना जागा करून दिली.