एक ‘वर्ज्य’ द्या

पोस्टरावर झळकून जगदीशला कमवायचं होतं ते एवढंच, की काळाचौकीतल्या पोरींनी वळून बघावं. हिंदमाताच्या बसच्या रांगेत वळली ती चाळीतली रखमा, तीही दात-ओठ खात. मागच्या शेवंताबाईंनी पिशवी खाली ठेवून कान दिले.

“सिगारेटच्या जाहिरातीत उभा राहिलास होय रे?”

“जाहिरात कसली, रखमाताई? ओढू नका म्हणून लावलंय ते, आरोग्य मंडळानं. खाली लिहिलंय ना, ‘धूम्रपान वर्ज्य’!”

“माझ्या भावाला, शिवाला वाटलं, वर्ज्य हा सिगारेटचा छाप. पानवाल्याला म्हणाला, एक वर्ज्य द्या!”

“काय सांगतेस!”

“हसू नकोस. त्यानं दिली दुसरीच. आता संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातसुद्धा तुझ्यासारखा केसांचा कोंबडा काढून धूर सोडत जातो.”

“पेंटर म्हणाला, माणूस रुबाबदार हवा, नाहीतर बघणार कोण?”

“बघितलं ना! गिरणीच्या कापसानं आधीच छाती भरलेली त्याची. काल खोकताना रक्त पडलं.”

“ताई, आईशपथ, मी ओढत नाही गं. ती सिगारेट पेटवलेलीसुद्धा नव्हती. धूर पेंटरनं काढला.”

“मेल्या, तेच म्हणते मी! तोंड तुझं, धूर पेंटरचा, शब्द मंडळाचे. रक्त तेवढं माझ्या भावाचं.”