बाजरीच्या महिन्यात गाणं

—न्हाई न्हाई, फुसेनी मास्तर, ‘हळू लावलंय’ हे मला सांगू नका, बंद करा आधी! पोरं गणितं करत्यात म्हणून गाणं? आवो, पुजाऱ्यांनी देवाची बाजरी पेरलीय—महिनाभर ढोल न्हाई, टाळी न्हाई, मयताला सुदिक वाजवत न्हाईत आमच्यात! तुमी लांब उत्तरेचे, तमालेकडचे, तुमाला काय ठावं? तुमाला वाटलं बंदी ढोलाला, गाणं वाजवायच्या ह्या डब्याला न्हाई. त्या डब्यात काय वाजतंय मग—ढोलच की! भाईर आंब्याखाली मला ऐकू येतं, तर मातीत बियाण्यापाशी बसलेल्या देवाला येणार न्हाई?

मी? मी आंब्याखाली—कुंपण बघत हुतो. तीन दिस. असं बघू नका माझ्याकडं. माझी पोरगी कोरकोर, ती तिसऱ्या बाकावरची—कधी बूड टेकून चार आकडं लिवलं न्हाईत तिनं. गाणं लागलं की मान खाली घालून लिवत बसती. मला काय दिसत न्हाई व्हय? पण काल, मासळीसंगं मक्याची केंकी खाताना म्हणती कशी, ‘बा, खिडकीतनं दिसलास तू. तुझा पाय हालत हुता.’ आन हसती वर! मासळी घशात अडकली माझ्या. एक ठिवून दिली तिला. चार घरांत बोलली असती तर? कोंब करपलं तर गाव कुणाला धरंल? मलाच! म्हणून मग... म्हणून गेलो पुजाऱ्याच्या दारी, आन—

व्हय, मीच सांगितलं. ओरडू नका, पोरं बघत्यात. तुमचं एकट्याचं नाव घेतलं. वाटलं, डबा नेतील, मिटलं. तर त्यो म्हातारा म्हणतो, ‘पोरांना एकेक करून इचारू, कोण कोण डुललं.’ एकेक करून, मास्तर! कोरकोरला खोटं बोलता येत न्हाई हो. आईवर गेलीय. ही सांगून मोकळी हुईल, ‘मी डुलले’—आन पाऊस हुकला की साऱ्या गावाचं बोट माझ्या पोरीकडं. जल्मभर. कोण पानी देईल तिला? कोण—

आले. फाटकात पुजाऱ्यांची पांढरी कापडं—बघा, तिघं हायत. द्या. द्या तो डबा इकडं! माझा हाय म्हणा, म्याच दांडगाईनं आणून लावला. कशाला ते इचारू नका आता! कोरकोर, वर बघू नगंस, लिव! आन तुमी, मास्तर—फळ्याकडं तोंड करा. एक शबूद बोलू नका. सरका!