आरशातली ठुशी

मंडळी, एक विचारते. देव समोर उभा राहिला, तर माणसानं काय करावं? — हात जोडावेत! बरोबर. आणि तो दुकानातल्या आरशात उभा राहिला तर? — गप्प झालात! मीही गप्पच झाले होते. ऐका, काय झालं ते.

गेल्या वर्षीची गोष्ट. घटस्थापना चार दिवसांवर. मी आणि आई फलटणच्या बाजारात गेलो. नऊ गावांत नऊ कीर्तनं, प्रवास एसटीचा — खरं सोनं घालून कोण हिंडणार? म्हणून शकीलाभाभींच्या दुकानात नकली ठुशी बघत होतो.

आईनं भाव करायला घेतला. "एवढे पैसे? अहो, यात सोनं तरी आहे का?"

"मावशी, सोनं असतं तर मी इथं पंख्याविना बसले असते का?"

हसताय! आईही हसली. पुढं विचारते, "काळी नाही ना पडणार?"

"घाम लागू देऊ नका."

"आमची ही तासभर नाचते हो कीर्तनात!"

आता मला बघायचं होतं, शेवटच्या रांगेतून ठुशी कशी दिसते. स्वतःच्या गळ्यात घालून ते कळेल कसं? मी म्हटलं, "आई, तू घाल. मी लांबून बघते."

"मी?"

मंडळी, वडील जाऊन बावीस वर्षं झाली होती. तेव्हापासून आईचा गळा रिकामा. घालू नकोस, असं कुणी म्हणालं नव्हतं. घाल, असंही कुणी म्हणालं नव्हतं.

भाभींनी मागून दोरी ओढली, गोंडा सारखा केला. आई आरशाकडे वळली — आणि काय सांगू! पहाटे गाभाऱ्याचा पडदा सरावा, समई आत असावी, तसा तो चेहरा! वाकलेली पाठ आपोआप ताठ झाली. एक बोट हळूच मण्यांवर टेकलं. पितळेचे मणी हो, वर सोनेरी पाणी! पण त्या क्षणी त्यांना खोटं म्हणायची कुणाची छाती होती?

भाभी म्हणाल्या, "मावशी, तुम्हालाच शोभते की!"

आईनं आरसा सोडला. माझ्याकडे बघितलं. वाट बघत राहिली.

आणि मी? आदल्याच आठवड्यात मी कीर्तनात गरजले होते — नवरा गेला म्हणून बाईचा गळा ओका करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? बायका रडल्या होत्या! तीच मी, माझी आई समोर उभी, आणि दुकानात आमच्या गल्लीतल्या दोघी बांगड्या भरत होत्या... मी म्हणाले, "दिसते लांबून. बांधून द्या, भाभी."

आईनं ठुशी काढली. "छान आहे. तुला होईल," म्हणाली. परतताना गवार घेतली, घरी ती निवडत निवडत शेजारणीशी बोलली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून लवंडली, ती उठली नाही.

मंडळी, तुमच्या घरात आहे का असा गळा? कुणाची आई, वहिनी, सून? मग सभेत मान डोलावू नका. घरी जा आणि तिच्या तोंडावर बोला. शेजारी ऐकत असतील, ऐकू द्या! मी ते तीनशे गावांना सांगितलं. एका बाईला सांगायचं राहिलं. आज तुमच्या साक्षीनं सांगते —

आई, काढू नकोस गं. फार सुंदर दिसतेस.